माफीचा ई-मेल, दीडशे शब्दांत

निगडी प्राधिकरणातल्या आमच्या वाचनालयात इंग्रजी पुस्तकांचं एक कपाट आहे. त्याच्या शेजारची खुर्ची माझी, असं कुणी ठरवलेलं नाही. पण त्या कपाटाकडे फारसं कुणी फिरकत नाही, म्हणून मला तिथे बरं वाटतं. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली. दुपारी चार ते सात मी तिथेच असतो.

मागच्या नोव्हेंबरात एक माणूस काउंटरपाशी आला. चाळिशीचा, अंगात कंपनीचा निळा शर्ट, पाठीवर सॅक. ग्रंथपाल सुमनताईंना त्याने विचारलं, "मॅडम, इंग्रजी मेल लिहायचं पुस्तक आहे का?"

"कसले मेल?"

"हापिसातले. परीक्षेला आहेत."

सुमनताई रजिस्टरमध्ये काहीतरी लिहीत होत्या. मान वर न करता त्यांनी पेनाने माझ्याकडे खूण केली. "पुस्तकाचं नाही सांगता येत. पण ते कुलथेकाका बसलेत ना, ते डिक्शनरी वाचतात. बघत नाहीत हं, वाचतात. पहिल्या पानापासून. त्यांना विचारा."

हे खरं होतं, पण मोठ्याने सांगण्यासारखं नव्हतं. मी त्या दिवशी 'एम'वर होतो.

तो माझ्यासमोर येऊन बसला. नाव ज्योतीराम. मूळचा बीड जिल्ह्यातला, केजकडचा. राहायला चिखलीत. चाकणला मोटारींच्या दाराचे पत्रे बनवणाऱ्या कंपनीत अकरा वर्षं प्रेस मशीनवर काढली होती आणि गेली चार वर्षं सुपरवायझर होता. मागच्या वर्षी कंपनी परदेशी मालकाने घेतली. नव्या मालकाने नियम काढला की प्रत्येक सुपरवायझरने बिझनेस इंग्लिशची एक परीक्षा पास व्हायची. तीन संधी. त्याच्या दोन वाया गेल्या होत्या. तिसरी जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी.

"आणि नाही झालात तर?" मी विचारलं.

"परत प्रेसवर." त्याने उजवा हात वर न्यायला सुरुवात केली. हात खांद्याइतका उंच झाला आणि थांबला. "इथवरच जातो सर. अकरा वर्षं पत्रा उचलला ना. डॉक्टर म्हणतेत, आता वजन नाई उचलायचं. प्रेसवर गेलो तर सहा महिने निघत नाईत माझे. मग चंबूगबाळं उचलून गावाकडं. पोरगी नववीला हाय इथं."

त्याने हात खाली घेतला. मी म्हणालो की मी शिक्षक नाही, कधी कुणाला शिकवलेलं नाही आणि मला ते जमेल असं वाटत नाही.

"तुम्ही काय करत होतात सर?"

"पिंपरीला एका कंपनीत पर्सोनेल डिपार्टमेंटला टायपिस्ट होतो."

"इंग्रजीत?"

"हो. इंग्रजीतच."

"किती वर्षं?"

"एकतीस."

"मग परवा येतो," तो म्हणाला आणि सॅक उचलून गेला. सुमनताईंनी त्याला जाताना सांगितलं की गुरुवारी वाचनालय बंद असतं.

तो पहिली पाळी करून पाचच्या सुमाराला यायचा. दुसरी पाळी असली की सकाळी अकराला. मग मलाही सकाळी यावं लागायचं. पहिल्याच दिवशी त्याला मधेच फोन आला आणि तो व्हरांड्यात जाऊन बोलला. खिडकी उघडी असल्यामुळे मला ऐकू आलं.

"यस सर. मटेरियल शॉर्ट. टुडे डिस्पॅच नॉट पॉसिबल. टुमॉरो फर्स्ट शिफ्ट. हंड्रेड परसेंट."

पलीकडचा गोरा साहेब काहीतरी म्हणाला, ज्योतीराम हसला आणि फोन ठेवला. मी मनात मोजलं. पाच वाक्यांत एकही क्रियापद नव्हतं. हे त्याला सांगावं म्हणून मी वाक्याची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात तो म्हणाला, "झालं सर काम. उद्या गाडी लावतेत." मग मी ते वाक्य तिथेच सोडून दिलं. एकतीस वर्षांत माझ्या बोलण्यातल्या इंग्रजीने एकही गाडी लागलेली नव्हती. खरं म्हणजे मी इंग्रजी बोललोच नव्हतो. फक्त टाइप केलं होतं.

बोलणं, ऐकणं, वाचणं यांत तो दोन्ही वेळा पास होता. अडत होता तो लिहिण्यात. दोन्ही परीक्षांचे रिपोर्ट त्याने पहिल्या दिवशीच माझ्यासमोर ठेवले होते. पण नव्याने ओळख झालेल्या माणसाचे नापासाचे कागद लगेच उलगडून बघणं मला बरं वाटेना, म्हणून मी ते वहीखाली सरकवले. त्यात दोन आठवडे गेले. ही चूक माझी, हे आता स्पष्टच दिसतं.

त्या दोन आठवड्यांत मी त्याला मला येत होतं ते इंग्रजी शिकवलं. ते कोणतं, हे मला त्या वेळी नीट कळलं नव्हतं. सराव म्हणून मी त्याला सांगितलं की सहकाऱ्याला दुपारच्या जेवणाचं आमंत्रण देणारा ई-मेल लिहा. त्याने माझ्याकडून शिकलेली वाक्यं नीट वापरून लिहिलं. मराठीत त्याचा अर्थ असा होत होता: आपणास याद्वारे कळविण्यात येते की आपण दिनांक पाच रोजी दुपारी ठीक एक वाजता कॅन्टीनमध्ये जेवणास उपस्थित राहावे, न राहिल्यास आपणास काहीही म्हणावयाचे नाही असे गृहीत धरण्यात येईल.

व्याकरण बिनचूक होतं. मी दहापैकी नऊ दिले. सुमनताई चहा घेऊन आल्या होत्या, त्यांनी वाकून वाचलं. त्यांचं इंग्रजी चांगलं आहे, त्या दाखवत नाहीत.

"काका, या जेवणाला कोण येईल हो?"

"का? चूक आहे काही?"

"चूक नाही. भीती वाटते."

ज्योतीराम म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं असंच बोलवतेत. पण जेवायला नाई."

मग मी माझ्या कपाटात सापडलेल्या परीक्षेच्या सरावाच्या पुस्तकातला एक प्रश्न दिला. तुमच्या टीमच्या चुकीमुळे ग्राहकाला माल दोन दिवस उशिरा जाणार आहे. त्याला ई-मेल लिहा. माफी मागा, कारण सांगा, उपाय सुचवा. शब्द शंभर ते दीडशे.

ज्योतीरामने वीस मिनिटं घेतली. त्याचं उत्तर थोडक्यात असं: माल पोहोचलेला नाही. कारणाची चौकशी चालू आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत जबाबदारी निश्चित करता येणार नाही. कृपया वाट पाहावी.

मी ते दोनदा वाचलं. मला ते फार चांगलं वाटलं. असं लिहिणारा माणूस आमच्या पर्सोनेल डिपार्टमेंटला मिळाला असता तर साहेबांनी त्याला डोक्यावर घेतलं असतं. मी पुन्हा नऊ दिले आणि पानावर तारीख टाकायला वही उचलली, तर खालचे ते दोन रिपोर्ट घसरून जमिनीवर पडले. उचलताना मला वाचावेच लागले.

दोन्हींवर लिखाणाच्या रकान्यात जवळजवळ सारखाच शेरा होता. उमेदवार माफी मागत नाही. उमेदवार चूक स्वीकारत नाही. ई-मेलचा हेतू पूर्ण होत नाही.

"ज्योतीराम," मी म्हणालो, "दोन्ही वेळा माफीचाच प्रश्न आला होता का?"

"एकदा माफीचा होता. एकदा तक्रारीला उत्तर होतं."

"त्यात तुम्ही 'सॉरी, आमची चूक झाली' असं लिहिलं होतं?"

"नाई."

"विसरलात?"

"विसरलो नाई सर. लिहून देत नसतो मी."

मला वाटलं त्याला प्रश्न समजला नाही. मी समजावलं की ही परीक्षा आहे, ग्राहक खोटा आहे, माल खोटा आहे, उशीरही खोटा आहे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तोंडानं म्हणा, दहा वेळा म्हणतो. सॉरी सर, सॉरी सर. फोनवर दिवसभर तेच चालतंय माझं. पण लिहून, चूक माझी म्हणून? नाई."

"पण का?"

"आमच्यात गोरक्ष म्हणून होता एक. माझ्याबरोबर प्रेसवर. चाकणचाच, म्हाळुंग्याकडचा. त्याच्या मशीनवर डाय फुटली. डाय म्हणजे साचा, पत्रा दाबायचा. साहेब म्हणले, एक माफीनामा लिहून दे, विषय मिटला. त्यानं दिला लिहून. चार ओळी, मराठीत. तिसऱ्या दिवशी चार्जशीट. त्यात काय लिहिलंतं सांगू?" आणि त्याने डोळे मिटून, एकही अक्षर न अडखळता म्हटलं, "यू हॅव देअरबाय, इन युअर ओन हँडरायटिंग, ॲडमिटेड द चार्जेस लेव्हल्ड अगेन्स्ट यू."

तुम्ही स्वतःच्या हस्ताक्षरात तुमच्यावरचे आरोप कबूल केले आहेत. गोरक्षला इंग्रजी येत नव्हतं. ज्योतीरामने ते वाक्य मोबाइलवर एकेक शब्द शोधून लावलं होतं. त्यामुळे ते पाठच झालं. त्याच्या तोंडचं पूर्ण क्रियापद असलेलं ते पहिलंच इंग्रजी वाक्य मी ऐकत होतो. 'देअरबाय'चा उच्चारही बरोबर होता.

"काढला त्याला," ज्योतीराम म्हणाला. "दोन महिन्यांत."

मी पेनाचं टोपण लावलं आणि काढलं. मग म्हणालो, "उद्या 'रिग्रेट' हा शब्द करू."

दुसऱ्या दिवशी 'रिग्रेट' केला. वुई रिग्रेट द इनकन्व्हीनियन्स. झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

"ह्यात चूक कुणाची झाली सर?"

"कुणाचीच नाही. गैरसोय झाली."

"आपली आपण?"

"हो."

"मग हेच पाठ करतो की!" त्याचा चेहरा खुलला.

पण मी रात्रंदिवस डिक्शनरी वाचणारा माणूस असल्यामुळे मला खोटं सांगता येईना. पुस्तकाच्या मागे नमुना उत्तरं होती आणि गुण कसे देतात तेही छापलं होतं. 'रिग्रेट'ला अर्धे गुण होते. पुरे गुण हवे असतील तर चूक कुणाची ते स्वच्छ लिहायला हवं होतं. अर्ध्या गुणांवर तो पास होत नव्हता. आम्ही वाहतूकदाराची चूक लिहून पाहिली, विजेची लिहून पाहिली. प्रश्नातच 'तुमच्या टीमच्या चुकीमुळे' असं छापलेलं असे. तिथून निसटायला वाट नव्हती.

"सर, तिथं फोटो काढतेत," तो म्हणाला. "कॅमेरा चालू असतोय तोंडावर. आधार कार्ड लावतेत. सहीपेक्षा पक्कं झालं ते. आणि रिपोर्ट जातोय एचआरला. उद्या काही झालं तर काढतील ना, की बघा, ह्यानं अमुक तारखेला कबूल केलं?"

"तसं नाही करणार कुणी."

"नक्की?"

मला 'नक्की' म्हणता आलं नाही. आमच्या डिपार्टमेंटला असा कागद आला असता तर मी तो पंच करून त्या माणसाच्या फायलीला लावला असता. मला कुणी सांगावंही लागलं नसतं. हे मी त्याला सांगितलं. आणि सांगायला लागलो तसं पुढचंही तोंडातून निघून गेलं.

"ते वाक्य मी टाइप करायचो."

"कोणतं?"

"देअरबायचं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "गोरक्षचं?"

"नाही, नाही. तुमच्या कंपनीचा माझा काही संबंध नाही. पण नमुना एकच असतो. सगळे तोच उतरवून घेतात. आमच्याकडे तो माझ्या ड्रॉवरमध्ये होता."

"किती वेळा केलं असंल?"

"मोजलं नाही."

सुमनताई काउंटरवर पुस्तकांना शिक्के मारत होत्या. त्या थांबल्या, मग पुन्हा मारायला लागल्या. ज्योतीरामने टेबलावरची वही सरळ केली.

"सर, एक विचारू? राग मानू नका. तुम्ही दिलंय का कधी लिहून? चूक माझी म्हणून?"

मी आठवून पाहिलं. मला वेळ लागला, कारण मला खात्री करून घ्यायची होती. एकदाही नाही.

तेव्हा मी एक कोरा कागद घेतला आणि इंग्रजीत लिहिलं. हाताने, कारण तिथे टाइपरायटर नव्हता. प्रिय श्री. ज्योतीराम, एकतीस वर्षं मी नोकरीत होतो. ज्या कामगारांनी विश्वासाने माफी लिहून दिली, त्यांची माफी मी त्यांच्याच विरुद्ध टाइप करून दिली. त्यांना तो कागद वाचता येणार नाही हे मला माहीत होतं, मला मात्र वाचता येत होता. मी काही बोललो नाही. चूक माझी होती. मी माफी मागतो. खाली तारीख, पूर्ण नाव, सही.

शब्द पन्नासच्या आसपास भरले. परीक्षेच्या दृष्टीने कमी होते.

"हे बघा," मी म्हणालो, "असं लिहायचं. काही होत नाही."

त्याने कागद वाचला. ओठ हलवत, सावकाश. शेवटच्या दोन ओळी त्याने परत वाचल्या. मग कागदाची चौघडी केली आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली.

"हे राहू द्या माझ्याकडं," तो म्हणाला आणि उठला.

मी घरी आलो. माझी कंपनी बंद होऊन सात वर्षं झाली, त्या जागेवर आता बारा मजली इमारती आहेत, माझ्या फायली कुणी रद्दीत घातल्या असतील तेही मला माहीत आहे. तरी तो कागद त्याच्या खिशात आहे, या गोष्टीवरून मन हलेना. मी नेमकं काय लिहिलं ते मला शब्दशः आठवत होतं आणि त्यातला कुठला शब्द बदलायला हवा होता, हे मी पुढचे चार दिवस ठरवत राहिलो. त्याला परत मागायचं धाडस झालं नाही.

ज्योतीराम पुढचा आठवडाभर आला नाही. सुमनताई म्हणाल्या, "काका, तुम्ही त्याला घाबरवलंत की काय?" मीही तेच धरून चाललो होतो. परीक्षेला दोन दिवस राहिले तेव्हा तो आला, पुस्तक परत केलं आणि म्हणाला, "सर, रविवारी येताल का चिंचवडला? नुसते खाली बसा."

"सराव नाही करायचा?"

"लिहायचं तिथंच लिहितो. इथं नाई."

"म्हणजे माफीचा प्रश्न आला तर लिहिणार?"

"काय की सर," तो म्हणाला. "बघू."

परीक्षेचं केंद्र एका व्यापारी संकुलात तिसऱ्या मजल्यावर होतं. वर फक्त उमेदवारांना सोडत होते. मी खाली पार्किंगच्या कडेला एका बाकावर बसलो. सोबत डिक्शनरी आणली नव्हती, कारण लोकांसमोर ती काढून बसणं बरं दिसलं नसतं. अडीच तास मी तिथल्या पाट्या वाचल्या. एका पाटीवर 'पार्किंग'चं स्पेलिंग चुकलं होतं.

दीड वाजता ज्योतीराम जिन्याने उतरला. लिफ्ट होती, पण तो जिन्याने आला. माझ्या शेजारी बसला.

"आला का?"

"आला. पण गिऱ्हाईक नव्हतं. सहकारी होता. तुम्ही सहकाऱ्याला मीटिंगच्या खोलीचा नंबर चुकीचा सांगितला. त्यामुळे तो भलतीकडंच गेला आणि साहेबांपुढं त्याची नाचक्की झाली. त्याला मेल लिहा. सहकाऱ्याचं नाव आपल्या मनानं घाला."

"मग?"

त्याने समोर बघत म्हणून दाखवलं. थोडं इंग्रजीत, अडेल तिथे मराठीत. डिअर गोरक्ष. आय ॲम सॉरी. मी तुला सात नंबरची खोली सांगितली. ती चुकीची होती. तू माझ्यावर भरवसा ठेवून तिथे गेलास. तू कुणाला विचारलं नाहीस, कारण मी सांगितलं होतं. तुझी चूक नव्हती. इट वॉज माय मिस्टेक. मला साहेबांनी जे सांगितलं ते मी तपासून बघायला हवं होतं. तुझ्याबरोबर मी यायला हवं होतं. मी आलो नाही. यापुढे मी तुझ्याबद्दल साहेबांकडे जाऊन सांगेन की चूक माझी आहे.

त्यात दोन ठिकाणी इंग्रजीतला 'द' राहिला होता.

"लिहून दे म्हणून मीच सांगितलंतं सर त्याला," ज्योतीराम म्हणाला. "माफीनामा. तो ऐकायलाच तयार नव्हता. साहेबांनी मला बोलावलं, म्हणले, तुझा दोस्त आहे, तू सांग, एवढ्यावर मिटवतो. मी गेलो. म्हणलं, लिहून टाक भावा, मिटतंय. पेन पण माझाच होता."

एक मोटरसायकल आमच्या समोर लावायला आली, म्हणून आम्ही पाय आत घेतले.

"किती शब्द झाले?" मी विचारलं.

"एकशेबेचाळीस. स्क्रीनवर खाली आकडा दिसतोय."

निकाल बारा दिवसांनी फोनवर आला. लिखाणाला लागत होते त्यापेक्षा दोन गुण जास्त. शेऱ्यात होतं, सूर योग्य, माफी स्पष्ट आणि मनापासून वाटते. कंपनीने त्याला सुपरवायझर म्हणून कायम केल्याचं पत्र दिलं. तो पेढे घेऊन वाचनालयात आला. सुमनताईंनी दोन घेतले आणि म्हणाल्या, "आता जेवायला बोलवा, पण तसं नको हं." तो हसला. मग माझ्या कपाटापाशी आला आणि उभाच राहिला.

"पत्र आलं ना," मी म्हणालो, "आता काय?"

"सर, गोरक्ष कासारवाडीला असतोय. स्टेशनजवळ गाड्यांचे सीट शिवतोय. आठ वर्षं मी त्या रस्त्यानं जात नाई."

"मग जाऊन या."

"तो मेल मी आठवून कागदावर उतरवलाय. तुम्ही पण चला."

"मी कशाला? मी काय बोलणार?"

"नुसते उभे राहा," तो म्हणाला.

रविवारी सकाळी आम्ही निगडीहून बसने कासारवाडीला गेलो. गोरक्षचं दुकान म्हणजे पत्र्याची टपरी. बाहेर दोरीला रेक्झीनची कव्हरं टांगलेली, आत एक शिलाई मशीन आणि लाकडी फळीवर स्कूटरचं उघडं पडलेलं सीट. गोरक्ष ज्योतीरामपेक्षा थोडा लहान असावा. डोक्यावर टोपी होती. त्याने ज्योतीरामला पाहिलं आणि मशीन चालूच ठेवलं.

"आलास व्हय," तो म्हणाला. "आन् ह्ये कोन?"

"माझे सर आहेत. इंग्रजीचे."

"बरं." गोरक्षने माझ्याकडे बघून मान हलवली. मीही हलवली.

ज्योतीरामने खिशातून कागद काढून त्याच्यापुढे धरला. गोरक्षने मशीन थांबवलं, हात पुसले आणि कागद घेतला. वरून खाली बघितला, मग उलटा करून मागची बाजू बघितली.

"इंग्लिश हाय की. आमाला कुठं येतंय राव. कंपनीचं हाय का? आता काय राहिलंय कंपनीचं?"

"कंपनीचं नाई. माझं हाय."

"मंग मराठीत लिवायचं ना."

ज्योतीराम मला म्हणाला, "सर, तुम्ही सांगा त्याला मराठीत."

मला परक्या माणसापुढे बोलताना घाम फुटतो. पण कागद माझ्या हातात आला होता आणि दोघेही माझ्याकडे बघत होते. मी चष्मा लावला आणि एकेक ओळ मराठीत सांगत गेलो. मला माफ कर, मी तुला सात नंबरची खोली सांगितली, ती चुकीची होती. तू भरवशाने तिथे गेलास. तुझी चूक नव्हती. माझी होती. शेवटपर्यंत सांगितलं. राहिलेले 'द' मराठीत लागत नाहीत, त्यामुळे ते अडलं नाही.

गोरक्षने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कंची खोली?"

ज्योतीरामने माझ्याकडे बघितलं.

"आमी कवा गेलतो खोलीत? सात नंबरची खोली कंपनीत नव्हतीच. सहा नंबर स्टोअर, त्याच्यापुढं भितच व्हती."

"ती परीक्षेतली खोली आहे," मी म्हणालो.

"परीक्षा कुनाची?"

"त्यांची."

"मंग मी कशाला व्हतो तिथं?"

माझ्याकडचं इंग्रजी संपलं होतं आणि मराठीही. ज्योतीरामने माझ्या हातातून कागद घेतला. तो परत दुमडला, मग उलगडला. नंतर तो त्याच्याकडे न बघता बोलायला लागला.

"गोरक्ष, खोलीचं सोड. तो माफीनामा. मी सांगितलंतं तुला लिही म्हणून. साहेबांनी धाडलंतं मला. मिटतंय म्हणले होते. मी विचारलं नाई त्यांना, लिहून घेऊन काय करणार म्हणून. चूक माझी हाय."

शेजारच्या टपरीवर कुणीतरी हवा भरत होतं. गोरक्षने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सायबानं धाडलंय ह्ये मला तवाच कळलंतं," तो म्हणाला. "तू कवा जेवनाच्या सुट्टीत माझ्याकडं पेन घिऊन आलतास? गळ्यात सायबाचाच आवाज व्हता तुझ्या."

"कळलंतं, तर लिहिलंस कशाला मग?"

"तू म्हनलास म्हनून."

ज्योतीरामने कागद खिशात घातला. मला वाटलं आता आपण निघावं, पण निघायचं म्हणजे काय म्हणायचं ते ठरेना. गोरक्षने टोपी घातली. फळीवरचं सीट पुढे ओढलं आणि त्यावर काळं रेक्झीन पसरलं.

"आता आलाच हायेस तर ह्ये धर," तो म्हणाला. "वडून धर, ढिल्लं पडाया नगं."

ज्योतीरामने सॅक खाली ठेवली. उजवा हात वर जाईना तेव्हा तो वळून उभा राहिला आणि डाव्या हाताने रेक्झीनची कड पकडली.

"जोरात," गोरक्ष म्हणाला आणि तोंडात धरलेला पहिला खिळा ठोकला.